तीन अक्षरांचे नाशिक, पाच आकड्यांचे नाशिक

नववीच्या वर्गात माहिती तंत्रज्ञानाची वर्षातली पहिली तासिका मी गेली काही वर्षे एकाच प्रश्नाने सुरू करते. ‘नाशिक’ हा शब्द किती अक्षरी? सगळा वर्ग एका सुरात ‘तीन’ म्हणतो. मग एका मुलीला संगणकासमोर बसवून स्प्रेडशीटच्या चौकटीत ‘नाशिक’ लिहायला लावते आणि शेजारच्या चौकटीत लांबी मोजणारे ‘लेन’ हे सूत्र द्यायला सांगते. उत्तर येते पाच. ‘सिन्नर’ लिहिले तर सहा येते, आणि तीनच अक्षरे आहेत असे मुले पैजेवर सांगतात त्या ‘त्र्यंबक’चे उत्तर आठ येते. वर्गात कुजबुज सुरू होते, मागच्या बाकावरून कोणीतरी ‘बाई, मशीन बिघडलंय’ म्हणते, आणि पुढचे तीन आठवडे मला जे शिकवायचे असते त्याची सुरुवात तिथून होते.

माहिती तंत्रज्ञान हा विषय माध्यमिक शाळेत बहुधा दोन प्रकारे शिकवला जातो. एक म्हणजे लघुरूपांची पूर्ण रूपे पाठ करून घेणे, आणि दुसरे म्हणजे एखाद्या प्रोग्रॅममध्ये कोणते बटण कुठे आहे ते दाखवणे. पहिल्यातून रिकाम्या जागा भरता येतात. दुसऱ्यातून जे येते ते प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की जुने होते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली असोत की पंचवटीतली, आमची मुले मोबाइल सफाईने वापरतात, त्यामुळे बटणे शिकवण्याची गरज पूर्वीइतकी उरलेलीही नाही. मात्र मोबाइलच्या पडद्यामागे माहिती नेमकी कोणत्या रूपात असते, हे त्यांना कोणीच दाखवलेले नसते. ते दाखवणे हेच या विषयाचे खरे काम आहे असे मी मानते, आणि त्यासाठी मराठी माध्यमाच्या शाळेला आपल्याच लिपीइतके चांगले साधन दुसरे नाही. इंग्रजी शब्दात जितकी अक्षरे दिसतात तितकीच साठवलेली असतात, त्यामुळे तिथे मुलांना प्रश्नच पडत नाही. देवनागरीत दिसते एक आणि साठवलेले असते दुसरे. ही तफावत मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि ती का आहे हे विचारावेसे वाटते.

मूळ गोष्ट अशी आहे. संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, चित्र नसते, आवाजही नसतो. तिथे असंख्य बारीक जागा असतात आणि प्रत्येक जागा दोनच अवस्थांत असू शकते. या दोन अवस्थांना आपण शून्य आणि एक म्हणतो आणि अशा एका जागेला बिट म्हणतो. बिटांची रांग केली की तिच्यातून संख्या लिहिता येते. संख्या लिहिता आली की उरतो तो केवळ करार: कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यायची, हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि सर्वांनी पाळायचे. अमेरिकेत १९६३ मध्ये असा एक करार झाला, त्याला आस्की म्हणतात. त्यात सात बिटे, म्हणजे १२८ जागा होत्या. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक मिळाला, ‘बी’ला ६६, आणि आकडे व विरामचिन्हे मिळून यादी भरली. त्या यादीत ‘क’ला जागा नव्हती.

आपल्या ‘क’चा आज सर्वमान्य असलेला क्रमांक २३२५ आहे. तो युनिकोड नावाच्या करारातून आला. जगातल्या सर्व लिप्यांतल्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, हा त्या कराराचा हेतू. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तेव्हापासून तिच्यात आहे. तिची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या इस्की या प्रमाणकावर बेतलेली आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ असा १२८ जागांचा सलग पट्टा दिलेला आहे. ‘क’ २३२५, ‘ख’ २३२६, ‘ग’ २३२७, अशी ती ओळ आपल्या ओळखीच्या क्रमानेच पुढे जाते.

आता हा २३२५ बिटांत कसा बसतो ते फळ्यावर गणित मांडूनही दाखवता येते, पण मी वर्ग मैदानावर नेते. बारा मुले एका ओळीत बसवते आणि प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचे एक कार्ड देते. पाहणाऱ्याच्या उजव्या टोकाच्या मुलाकडे १, त्याच्या शेजारी २, मग ४, ८, १६, असे दुप्पट करत डाव्या टोकाच्या मुलीकडे २०४८. नियम एकच: जो उभा राहील त्याचे कार्ड मोजायचे, जो बसेल त्याचे मोजायचे नाही. मग मी म्हणते, ‘क’ तयार करा. थोडा गोंधळ होतो, एखादा उगाच उठतो, दुसरी त्याला खाली बसवते, आणि दोन-तीन मिनिटांत पाच मुले उभी राहतात: २०४८, २५६, १६, ४ आणि १. बेरीज २३२५. ओळीतल्या उभ्या मुलाला एक आणि बसलेल्याला शून्य म्हणत डावीकडून वाचले, की संगणकातला ‘क’ समोर उभा असतो.

‘ख’ म्हटले की १ चे कार्ड असलेला मुलगा खाली बसतो आणि २ चे कार्ड असलेली मुलगी उठते. ‘ग’ म्हटले की तो मुलगा पुन्हा उठतो. अशी दहा-बारा अक्षरे झाली की डावीकडून कोणीतरी तक्रार करतेच. मागच्या वर्षी ती २०४८ चे कार्ड धरलेल्या मुलीने केली: ‘बाई, मी आणि हा दोघं कधी बसायचं?’ तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या अक्षरापासून ती आणि २५६ चा मुलगा सतत उभेच होते, तर १०२४, ५१२ आणि १२८ ची मुले एकदाही उठली नव्हती. तिने नकळत एक फार महत्त्वाची गोष्ट पकडली होती. २०४८ आणि २५६ मिळून २३०४ होतात आणि देवनागरीचा पट्टा तिथूनच सुरू होतो. ते दोघे उभे आणि ती तीन मुले बसलेली आहेत म्हणजे हा वर्ण देवनागरी आहे, आणि तो कोणता हे उरलेली शेवटची सात मुले सांगतात. पत्त्यात जसा गावाचा भाग आणि घराचा भाग असतो तसेच हे आहे. गुजराती ‘क’चा क्रमांक २७०९ आहे, तो करायला ५१२ आणि १२८ ची इतका वेळ बसून राहिलेली मुले उठतात, २५६ चा मुलगा अखेर बसतो, आणि उजवीकडचे १६, ४, १ मात्र जागचे हलत नाहीत. भारतीय लिप्यांचे पट्टे एकाच नमुन्यावर आखलेले असल्यामुळे असे होते. सुरगाणा-पेठच्या बाजूची, पलीकडे गुजरातेत नातेवाईक असलेली मुले वर्गात असली तर ती हे लगेच उचलून धरतात.

याच ओळीवर मला सर्वांत आवडणारे उदाहरण करता येते. ‘र’चा क्रमांक २३५२ आहे. त्याच्या लगतचा २३५३ हा क्रमांक ‘ऱ’ला, म्हणजे ‘तऱ्हा’ किंवा ‘सुऱ्या’ या शब्दांत जो अर्धा ‘र’ येतो त्याला दिलेला आहे. म्हणजे ‘दर्या’ लिहून ठेवलेला असताना उजव्या टोकाचा एकच मुलगा उठून उभा राहिला, तर ‘दऱ्या’ होतात. एका बिटाने समुद्राचे सह्याद्रीतले खोल उतार केले. माहितीत एक बिट बदलल्याने काय होते, हे मुलांना परक्या उदाहरणावरून सांगण्यापेक्षा असे सांगितले की ते विसरत नाहीत.

मग आपण मूळ प्रश्नाकडे परततो. ‘नाशिक’ पाच का? कारण युनिकोडमध्ये क्रमांक आहेत ते स्वरांना, व्यंजनांना आणि काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार अशा चिन्हांना. ‘ना’ किंवा ‘शि’ यांना स्वतंत्र क्रमांक नाही. साठवलेले असतात ते असे: ‘न’ २३४४, काना २३६६, ‘श’ २३५८, ऱ्हस्व वेलांटी २३६७, ‘क’ २३२५. जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची खूण वापरतात, तिचा क्रमांक २३८१. ‘त्र्यंबक’मध्ये ‘त’, पाय मोडण्याची खूण, ‘र’, पुन्हा तीच खूण, ‘य’, अनुस्वार, ‘ब’ आणि ‘क’ असे आठ क्रमांक येतात. मराठीच्या बाईंनी जोडाक्षर फोडून लिहायला शिकवलेले असते तेच इथे उपयोगी पडते. मुलांनी पाचवी-सहावीत वहीत जे केले तेच संगणक करत असतो.

यात एक ठिकाण असे आहे की तिथे मी मुद्दाम थांबते. ‘शि’ लिहिताना आपण पेनाने आधी वेलांटीचा दांडा काढतो आणि मग ‘श’. पडद्यावरही वेलांटी ‘श’च्या डावीकडे दिसते. साठवताना मात्र ‘श’ आधी आणि वेलांटी नंतर असते, कारण क्रम उच्चाराचा धरलेला आहे, आणि उच्चारात ‘श्’ आधी व ‘इ’ नंतर येते. हे खरे आहे का हे मुले स्वतः तपासू शकतात. ‘शि’ लिहून बॅकस्पेस एकदा दाबली की डावीकडची वेलांटी जाते आणि ‘श’ शिल्लक राहतो. साठवलेल्या क्रमांकांवरून पडद्यावरचे चित्र तयार करणे, वेलांटी डावीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ‘क्’ आणि ‘ष’ जोडून ‘क्ष’ काढणे, हे वेगळे काम आहे आणि ते फॉन्ट व तो वाचणारा प्रोग्रॅम मिळून करतात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठीची वळणे सांगितलेली आहेत. हिंदी वळणाचा ‘श’ वेगळा दिसतो. पण दोन्ही ‘श’ २३५८ च आहेत. वळण हा फॉन्टचा प्रश्न आहे, साठवलेल्या माहितीचा नाही. माहिती आणि तिचे दर्शन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एकदा समजले की पुढे वेबपान, चित्र, डेटाबेस काहीही शिकवताना हात घालायला हीच जागा असते.

हा भेद मला स्वतःला उशिरा आणि नुकसान सोसून समजला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सहामाहीची प्रश्नपत्रिका घरी एका जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली आणि पेन ड्राइव्हवर घालून छपाईला दिली. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर प्रश्नपत्रिकेऐवजी इंग्रजी अक्षरांची रास दिसली, आणि सकाळी परीक्षा असल्यामुळे मी रात्री बसून ती सगळी हाताने लिहून काढली. त्या फाइलमध्ये मराठी कधीच नव्हती, हे मला तेव्हा उमगले नाही. त्या फॉन्टने फक्त इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार रेखाटलेले होते. ‘नाशिक’ या शब्दासाठी फाइलमध्ये ‘यू’, ‘के’, ‘एफ’, एकेरी अवतरणचिन्ह, पुन्हा ‘के’ आणि ‘डी’ असे सहा क्रमांक होते. वेलांटी डोळ्याला दिसते तशी आधी होती, आणि ‘श’ तर दोन तुकड्यांचा होता: अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ‘श’ आणि त्याला दांडा म्हणून ‘ना’मधलाच काना. हे मी आता फळ्यावर मांडते आणि मुलांना विचारते, या फाइलमध्ये ‘नाशिक’ हा शब्द शोधला तर सापडेल का? ती चित्रे आहेत, शब्द नव्हेत, हे उत्तर मुलांकडूनच येते.

टाइपिंगविषयीही इथेच बोलते. मोबाइलवर इंग्रजी स्पेलिंग लिहिले की मराठी शब्द सुचवला जातो, म्हणून मुलांना अक्षरांची घडण कळायची गरज पडत नाही. शाळेत मी इनस्क्रिप्ट हीच पद्धत शिकवते, आणि त्याबद्दल माझा आग्रह आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि कळा साठवणीच्याच क्रमाने दाबाव्या लागतात. ‘नाशिक’साठी ‘व्ही’, ‘ई’, शिफ्टसह ‘एम’, ‘एफ’ आणि ‘के’ या कळांवर पाच वर्ण, म्हणजे पाच क्रमांक. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आमच्या संगणक कक्षात जिल्ह्यातल्या गावांची नावे या पद्धतीने टाइप करण्याचा उपक्रम असतो, आणि त्र्यंबकेश्वरपाशी सगळ्यांचा वेग मंदावतो, कारण त्या पाच अक्षरांत तेरा क्रमांक आहेत.

मराठी मजकूर जागा किती घेतो, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊनच विचारतात. संगणक आठ बिटांचा एक गट करतो, त्याला बाइट म्हणतात. ‘क’ला आपल्या मैदानावर बारा मुले लागली, म्हणजे तो एका बाइटमध्ये मावत नाही. आज बहुतेक मजकूर ज्या पद्धतीने साठवला जातो ती युटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखली. तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते आणि देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. तीन बाइट म्हणजे चोवीस बिटे; त्यांतली आठ ‘इथून वर्ण सुरू होतो’, ‘हा त्याचाच पुढचा भाग आहे’ अशा खुणांत जातात आणि सोळा क्रमांकासाठी उरतात. म्हणून ‘नाशिक’ पंधरा बाइटचे होते आणि तेच नाव इंग्रजीत लिहिले तर सहाचे.

जागेचा हा हिशेब मुलांना दिसतो तो शाळेच्या एसएमएसमध्ये. एका साध्या एसएमएसला १४० बाइट, म्हणजे ११२० बिटे मिळतात. इंग्रजी मजकुरासाठी तिथे सात बिटांची अक्षरे वापरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. मराठीसाठी तिथे युटीएफ-८ नसून प्रत्येक क्रमांकाला सोळा बिटे लागतात, म्हणून ७० च. पालकांना पाठवायचे वाक्य मी फळ्यावर लिहिते: ‘उद्या शाळेला सुट्टी आहे.’ आपल्या मोजणीने ही नऊ अक्षरे आहेत. क्रमांक मोजले तर ‘उद्या’चे पाच, ‘शाळेला’चे सहा, ‘सुट्टी’चे सहा, ‘आहे’चे तीन, मधल्या तीन मोकळ्या जागा आणि शेवटचा पूर्णविराम, असे चोवीस होतात. मग सत्तरात बसेल अशी सहलीची सूचना लिहा, असा गृहपाठ देते. वहीत जोडाक्षरे कमी करून लिहिलेली वाक्ये येतात आणि भाषा आटोपशीर करण्याचा सराव होतो, हा वेगळा फायदा.

हजेरीपटाचा धडा मात्र वादाचा होतो. पन्नास आडनावे स्प्रेडशीटमध्ये घेऊन त्यांचा क्रम नुसत्या क्रमांकांवरून लावला, तर ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘कुलकर्णी’नंतर आणि ‘खैरनार’च्या आधी येते, कारण ‘क्ष’ची सुरुवात ‘क’नेच होते. वर्णमालेत आपण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी म्हणतो. ‘ळ’ आपल्याकडे ‘ह’नंतर येतो, तर क्रमांकांत तो २३५५ वर, ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसलेला आहे. म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये क्रमांकांवर भिस्त न ठेवता प्रत्येक भाषेचे क्रम लावण्याचे नियम वेगळे दिलेले असतात. वर्गातल्या क्षीरसागरला आपण कुठे असावे याविषयी ठाम मत असते आणि ते ऐकण्यासारखे असते.

घटक चाचणीत मी पूर्ण रूपे विचारत नाही. ‘इंग्रजीत १६० आणि मराठीत ७०, असे का?’, ‘हा क्रमांक देवनागरीचा आहे हे कोणत्या पाच बिटांवरून ओळखाल?’, ‘शिडी या शब्दातली पहिली बॅकस्पेस काय पुसेल?’ असे प्रश्न विचारते. तीन मुलांमागे एक संगणक असलेल्या आमच्या कक्षात यातले निम्मे काम कार्डांवर आणि फळ्यावर होते, त्यामुळे वीज गेली तरी तासिका वाया जात नाही. ज्या शिक्षकांना हे करून पाहायचे आहे त्यांनी स्प्रेडशीटमधली दोन सूत्रे तेवढी लक्षात ठेवावीत: ‘लेन’ लांबी सांगते आणि ‘युनिकोड’ पहिल्या वर्णाचा क्रमांक सांगते. इंटरनेट लागत नाही.

या वर्षी एका मुलीने वार्षिक अंकासाठी आजीकडून ऐकलेल्या म्हणी टाइप करून आणल्या. अर्ध्या शाळेत, अर्ध्या मावशीच्या मोबाइलवर. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन म्हणींत होता आणि ‘शोधा’ म्हटल्यावर एकच सापडत होता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसत होते. तिने मला बोलावले नाही. दोन्ही शब्द स्प्रेडशीटमध्ये चिकटवले आणि ‘लेन’ लावले, तर एकाची लांबी पाच आली आणि दुसऱ्याची सहा. मग एकेक वर्ण सुटा करून तिने क्रमांक काढले. पहिल्यात ‘ऱ’ होता, २३५३. दुसऱ्यात साधा ‘र’, २३५२, त्यापुढे पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण होती, जिच्या मदतीनेही तोच आकार काढता येतो. यातले बरोबर कोणते, असे तिने मला दुसऱ्या दिवशी विचारले. वाचणाऱ्यासाठी दोन्ही बरोबर आहेत, पण एका फाइलमध्ये एकच ठेव, असे मी सांगितले. तिने पाचाचा ठेवला, आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळ्या म्हणी एकसारख्या करून अंकाच्या फोल्डरमध्ये टाकल्या.